राग माणूस बघूनच येतो

प्रश्न : ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, वय २७. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. पगार हातात २२ हजार. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, मुलगी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली. दारू, गुटखा, मावा काही नाही, म्हणून सगळे ‘सोन्यासारखा मुलगा’ म्हणतात. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गावाला ते देवमाणूस. कुणाचं मयत असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, पहिले हजर. घरात मात्र त्यांच्या चपलांचा आवाज आला की आम्ही गप्प व्हायचो. गेल्या महिन्यात धाकट्या भावाशी पैशावरून वाजलं आणि मी जेवतं ताट भिंतीवर फेकलं. मी वडिलांवरच गेलोय की काय, असं तेव्हापासून वाटतंय. परवा तिनं फोनवर सहज विचारलं, “माणूस म्हणून तुम्ही कसे आहात?” मला सांगता आलं नाही. त्यात काका म्हणतात, लग्नाला बहीण येईल तेव्हा हक्कसोडवर, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, तिची सही घेऊन टाक. एक मित्र पाच लाखांच्या कर्जाला जामीन राहा म्हणून मागं लागलाय. चांगला माणूस म्हणजे नेमकं काय? लहान भाऊ समजून स्पष्ट सांगा.

उत्तर : लहान भाऊ समजा म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी त्या ‘सोन्यासारखा’चं बघू. आपल्याकडं स्थळ सांगताना ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं गल्लोगल्ली असल्यामुळं ती चौकशी रास्तच आहे. पण मशीनवर बनवलेल्या जॉबला, म्हणजे सुट्या भागाला, तडा नाही एवढं बघून तू तो पास करत नाहीस, माप लावतोस. व्यसन नसणं म्हणजे तडा नसणं. माप अजून लागायचंय.

ते माप कुठं लावायचं हे तुझ्याच पत्रात आहे. कारखान्यात जॉब रिजेक्ट झाला, फोरमननं चार लोकांत झापलं, तर तू काय करतोस? गप्प बसतोस. मशीनवर हातातला स्पॅनर फेकत नाहीस. म्हणजे राग आवरायची ताकद तुझ्यात आहे आणि ती तू रोज आठ तास वापरतोस. घरी आलास की ती संपते, कारण घरी नोकरी जायची भीती नाही. राग आंधळा असतो म्हणतात, पण तो माणूस बघूनच येतो. म्हणून माझ्या लेखी चांगल्या माणसाची परीक्षा एकच : ज्याच्यावर आपला वरचष्मा आहे, जो उलटून काही करू शकत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो. बायको, धाकटा भाऊ, सासरी गेलेली बहीण, म्हातारी आई, रोपलावणीला येणाऱ्या बायका. बाकी सगळ्यांशी चांगलं वागायला जगच भाग पाडतं.

वडिलांबद्दलही थोडं बोलू. गावासाठी त्यांनी केलं ते खोटं नव्हतं. रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या मयताला धावणारा माणूस ढोंगी नसतो. तेवढं त्यांच्याकडून जरूर घे. पण बाहेरच्या चांगुलपणाला बाहेरची वाहवा मिळत होती, घरातल्याला मिळत नव्हती, आणि घरात ते कमी पडले तर विचारणारं कुणी नव्हतं. आपण वडिलांवरच गेलो, ही समजूत मात्र सोड. घरात बघून बघून जी सवय लागली, ती दुसरी सवय लावून मोडते. वेळ लागतो, पण मोडते.

आता ताटाचं. तू लिहिलंस की ताट फेकलं. भिंत कुणी पुसली ते लिहिलं नाहीस. बहुतेक आईनं, न बोलता. तिथून सुरुवात कर. आईची आणि भावाची माफी वेगवेगळी माग, दोघं एकटे असताना. माफीत चार गोष्टी हव्यात : काय केलं ते नाव घेऊन सांगायचं (‘त्या दिवशी जे झालं’ नव्हे, ‘मी ताट फेकलं, तू घाबरलीस’), त्यानंतर ‘पण’ लावायचा नाही, झालेलं भरून द्यायचं, भिंतीवर डाग असेल तर स्वतः चुना काढायचा, आणि पुढं काय वेगळं करणार ते सांगायचं. समोरच्यानं लगेच ‘जाऊ दे रे’ म्हणावं ही अपेक्षा ठेवायची नाही. बहुतेक माफ्या ‘पण’वरच फुकट जातात. ‘चुकलो, पण तूही तसं बोललास’ हा नव्या भांडणाचा आरंभ असतो.

पुढचा राग येईल तेव्हाची तयारी आज कर, रागात काही सुचत नाही. शरीर आधी सांगतं : जबडा आवळतो, कान तापतात, आवाज चढतो, आणि ‘तू नेहमीच’ किंवा ‘तुला कधीच’ अशी वाक्यं तोंडात येतात. हे दिसलं की एकच ठरलेलं वाक्य बोलायचं : “मी आत्ता तापलोय. अर्ध्या तासात येतो, मग बोलू.” आणि उठायचं. अर्धा तास एवढ्यासाठी, की एकदा छाती धडधडायला लागली की शरीर निवायला साधारण वीस मिनिटं तरी लागतात. त्याआधी परतलास तर तोच वाद तिथूनच सुरू होतो. त्या वेळात चाल, हापशावर जाऊन तोंड धू. श्वास चार मोजून आत, सहा ते आठ मोजून बाहेर, असं पाच मिनिटं कर. बाहेर सोडलेला श्वास लांबला की नाडी उतरते.

यात तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात. एक, न सांगता निघून जातात आणि रात्री अकराला उगवतात. ती दुसरी शिक्षाच झाली, घरातली माणसं दारात डोळे लावून बसतात. सांगितलेल्या वेळेला परत ये, बोलायची तयारी नसेल तर ‘अजून थोडा वेळ’ एवढं सांगायला ये. दोन, चालता चालता मनात भांडण चालूच ठेवतात, ‘असं म्हटलं तर मी तसं म्हणेन’. मग वीस मिनिटांनी माणूस आणखी तापून येतो. तीन, तसेच मोटारसायकलवर बसतात. किल्ली घरात ठेवून जा.

परत आलास की पहिलं वाक्य स्वतःबद्दलचं असू दे : “पैसे न विचारता घेतलेस, त्याचा मला राग आला.” ‘तू चोर आहेस’ हे वाक्य कुठंच नको.

एक छोटी वही ठेव. राग आला की तारीख, वेळ, कुणावर आणि त्याआधी काय झालं होतं, एवढ्या चार गोष्टी दोन ओळींत लिही. महिनाभरात तुझं तुलाच दिसेल. रात्रपाळी करून आल्यानंतरचे पहिले दोन तास, महिन्याचा शेवटचा आठवडा, उपाशीपोटी संध्याकाळ, असं काहीतरी ठरावीक निघतं. ते कळलं की नियम सोपा होतो : रात्रपाळीवरून आल्यावर जेवायचं, झोपायचं, पैशाचा विषय झोप झाल्यावर.

एवढं करूनही पुन्हा वस्तू फेकली गेली किंवा कुणावर हात उगारला गेला, तर एकट्यानं सुधारायचा हट्ट नको. १४४१६ हा ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि भाषा निवडता येते. समोरासमोर बोलायचं असेल तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय, आपल्याला जवळ आहे. ‘वेड्यांचा दवाखाना’ म्हणून हसणारे हसतील. आणि एक लक्षात असू दे : २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात फक्त मारहाण येत नाही. शिवीगाळ, अपमान, धाक दाखवणं, खर्चाला पैसे न देणं, हेही त्यात येतं, आणि त्याचं संरक्षण बायकोइतकंच आईलाही आहे.

आता हक्कसोड. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, आणि तू ते एका ओळीत उरकलंस.

लग्नघर भरलेलं, बहीण चार दिवस माहेरी, अंगावर नवी साडी, आणि त्या गडबडीत काकांनी पुढं केलेला कागद. तिनं ‘नको’ म्हटलं तर लग्नात विघ्न आणणारी ती. आपल्या भागात बहिणी राजीखुशीनं सोडून देतात म्हणतात. त्यातल्या कितीजणी राजीखुशीनं देतात आणि कितीजणी माहेर तुटेल या भीतीनं, हे त्यांना कुणी विचारत नाही. वाटणी मागितली की दिवाळीचं बोलावणं बंद होतं, हे प्रत्येक बाईनं शेजारच्या घरात पाहिलेलं असतं.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घे. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल, मृत्युपत्र नसेल आणि आजी हयात नसेल, तर आई, तू, भाऊ आणि बहीण असे चार सारखे वाटे. समज जमीन २ एकर २० गुंठे आहे, म्हणजे १०० गुंठे, तर बहिणीचे २५. वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा निघतो, तो वकिलाकडून करून घे. पण २००५ च्या दुरुस्तीनंतर तिथंही मुलीचा हक्क जन्मापासूनच, मुलाइतकाच. ‘लग्नात खर्च केला की तिच्या’ या बोलण्याला कायद्यात जागा नाही. तिचं लग्न झालं म्हणून वाटा कमी होत नाही.

म्हणून क्रम असा ठेव. काकांना आत्ताच फोन करून सांग की लग्नात कसलीही सही होणार नाही. वारसा नोंद अजून झाली नसेल तर ती आधी लाव : वडिलांचा मृत्यूदाखला, नाडकचेरीतून (आपल्याकडचं महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) वंशावळ, सगळ्यांची आधार कार्डं, उतारा. वंशावळीत बहिणीचं नाव घालायचंच. ‘पुढं कटकट नको’ म्हणून ते गाळणारे असतात, आणि ती सरळ खोटी माहिती होते. उताऱ्यावर नावं चढली म्हणजे मालकी ठरली असंही नव्हे, ती महसुलाची नोंद आहे. पण निदान तिचं नाव सरकारी कागदावर दिसतं.

मग लग्न उरकून तीन-चार महिने जाऊ देत. आई, तुम्ही दोघं भाऊ आणि बहीण असे चौघंच बसा. काका नकोत, तिच्या सासरचे नकोत. तिला पहिला प्रश्न ‘सोडतेस का’ हा नको. “तुझे एवढे गुंठे आहेत, गावात आज गुंठ्याला एवढा भाव चाललाय, तुला काय हवं?” असा विचार. भाव सांगताना सरकारी दर सांगून गप्प बसू नकोस, प्रत्यक्ष व्यवहार कितीनं झाले तेही सांग. तिला जमीन नको, पैसे हवे असतील तर हप्ते ठरव. जमीन मोडायची नसेल तर दरवर्षी ऊसबिलाचा किंवा भाताचा तिचा वाटा तिच्या खात्यावर, नवऱ्याच्या नव्हे, आणि ते कागदावर घ्या. एवढं ऐकूनही ती मनापासून सोडते म्हणाली तर सोडू दे, तोही तिचाच हक्क. फक्त दस्त कन्नडमध्ये तयार होतो. तिला कन्नड वाचता येत नसेल तर सही करण्याआधी तिच्या बाजूच्या वकिलानं तो तिला मराठीत वाचून दाखवावा. तो सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावाही लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेऊन ठेवलेला कागद जमिनीच्या हक्काला उपयोगाचा नाही. असे कागद ट्रंकेत जपणारी घरं मात्र पुष्कळ आहेत.

जामिनाचं उत्तर सोपं आहे : नाही म्हण. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ : करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. मित्रानं हप्ते थकवले की बँक किंवा सोसायटी थेट तुझ्या दारात येऊ शकते, आणि उद्या तुला घरासाठी कर्ज हवं असेल तेव्हा हा जामीन आडवा येतो. पाच लाख म्हणजे तुझा जवळजवळ २३ महिन्यांचा अख्खा पगार. तो भरायची तयारी असेल तरच सही. ‘बघतो, सांगतो’ म्हणून त्याला महिनाभर लटकवू नकोस, तो तुझ्या भरवशावर बसेल. “जामीन मला झेपणार नाही, पाच हजार लागले तर देतो, परत नाही आले तरी चालतील,” असं एकदाच सांग. भिडेला बळी पडून दिलेला शब्द शेवटी बायकोच्या दागिन्यांतून फिटतो.

घरकामाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. पुरुषांच्या पत्रांत तो विषय नसतोच. ‘मी बायकोला मदत करीन’ असं मनात असेल तर ते पुसून टाक, मदत दुसऱ्याच्या कामात करतात. एक काम अख्खं आपलं करून घे. पहिल्या पाळीत असशील त्या आठवड्यात रात्रीचं जेवण तुझं, असं समज. अख्खं म्हणजे डब्यात तांदूळ आहे का हे दुपारीच बघण्यापासून शेवटी कट्टा पुसेपर्यंत. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तांदूळ नवा असेल तर थोडं कमी, नाहीतर गिचका होतो. डाळ अर्धा तास आधी भिजवली की लवकर शिजते. भाकरी लगेच जमणार नाही. पीठ जुनं असेल तर काठ चिरतात, कढत पाण्यात मळलं की जरा बरं जमतं. दर दोन मिनिटांनी ‘मीठ किती घालू’ विचारत बसलास तर ते काम तिचंच राहिलं. चाखून बघ. आणि जेवण झाल्यावर कौतुकाची वाट बघू नकोस, आईनं २७ वर्षं बघितली नाही.

हे लग्नानंतर नव्हे, या आठवड्यापासून सुरू कर. यात एक व्यवहाराची मेख आहे. सून आल्यावर तू चुलीपुढं दिसलास तर भाऊबंद म्हणणार, “आल्या आल्या पोराला कामाला लावलं,” आणि बोल तिला लागणार. दोन महिने आधीच भांडी घासायला लागलास तर ती तुझी सवय ठरते. मित्र ‘ताटाखालचं मांजर’ म्हणतील. म्हणू देत, मांजर दोन-तीन महिन्यांत जुनं होतं.

पैशाचं फार लांबवत नाही. पगाराची स्लिप, असलेली कर्जं, भिशीचे हप्ते, सगळं लग्नाआधी तिला सांग. २२ हजारांचा एक नमुना देते : १२ घरखर्चाला, ४ बचतीला किंवा कर्जाला, आणि आई, बायको, तू अशा तिघांना प्रत्येकी २, ज्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. आकडे बदल, पण तिघांचे सारखे ठेव. बाईला बांगड्या भरायलाही नवऱ्याकडं हात पसरायला लावायचं आणि वर ‘तिला काही कमी नाही’ म्हणायचं, हे फार घरांत चालतं. भावाचं भांडणही पैशावरूनच होतं ना? तो कमावत नसेल तर त्याचीही एक ठरलेली रक्कम लाव, दर वेळी मागायला लावू नकोस.

राहिला तिचा प्रश्न, माणूस म्हणून कसे आहात. स्वतःला विशेषणं लावत बसू नकोस. ताट फेकल्याचं सांग. लग्नाच्या रात्री नव्हे, आता, फोनवर नको, दोघांच्या घरच्यांना सांगून कुठं भेटता येत असेल तर समोर बसून. काय झालं, आईची-भावाची माफी मागितली का, वहीत काय लिहितोस, हे सगळं. बहिणीच्या वाट्याचं काय ठरवलंस तेही. तिला भीती वाटली, विचार करायला वेळ हवा म्हणाली, तर तो दे. लग्न मोडेल ही जोखीम यात आहे. पण हे लपवून तिला घरात आणलंस तर तिला निवड करायची संधीच मिळाली नाही, आणि तुझ्या बाजूनं पहिलंच काम फसवणुकीचं झालं. तिलाही विचारायचे प्रश्न असतील, तिच्या घरात राग कसा निघायचा हे तिलाही सांगू दे.

ता. क. ती चंदगडची, म्हणजे कन्नडचा गंध नसणार. दवाखान्यातला केसपेपर, रेशनचा फॉर्म, बसची पाटी, सगळ्याला तुझ्यावर अवलंबून राहील, आणि ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे वाक्य तोंडात यायला वेळ लागत नाही. पहिल्या महिन्यात कन्नड अंक आणि आपल्या मार्गावरच्या गावांच्या पाट्या तिला ओळखायला शिकव. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या घरात ओळख करून दे, भाषा तिथंच लवकर येते. सीमाप्रश्न आपल्या जागी, तिला एकटीला खानापूरच्या दवाखान्यात जाता येणं आपल्या जागी. लग्नाची नोंदणी झाली की आधारवरचा पत्ता लगेच बदलून घे. ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. आंतरराज्य बसला ती सवलत चालत नाही, तेव्हा चंदगडला माहेरी जायचं तिकीट तिच्या दोन हजारांतून नको, घरखर्चातून धर.